जहाज वेगाने येते, कागद मागे राहतो : सागरी मालवाहतुकीतील डिजिटल बदलांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्हावा शेव्याच्या परिसरात आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करताना नवे निर्यातदार, वाहतूकदार, मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणारी मुले आणि त्यांचे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांपैकी काहींची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तो विषय दोन वाक्यांत सांगितला तर गैरसमजच वाढतात.

कंटेनर तर १९५६ पासून आहेत. मग आता एवढे नवे काय घडते आहे?

२६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले, तेव्हा मालाची हाताळणी बदलली. गोण्या पाठीवर वाहून नेणारा गोदी कामगार मागे पडला आणि क्रेन पुढे आली. मात्र त्या पेटीसोबत जाणारी माहिती पुढची कित्येक दशके जुन्याच पद्धतीने, म्हणजे कागदावर, फॅक्सवर आणि कुरिअरच्या पाकिटातून जात राहिली. पेटीत कोणता माल आहे, तो कोणाचा आहे, त्याचे वजन किती आणि त्यावर शुल्क भरले आहे की नाही, ही माहिती निर्यातदार, कस्टम हाउस एजंट (त्याच्या वतीने सीमाशुल्काचे काम करणारा), शिपिंग लाइन, टर्मिनल, सीमाशुल्क विभाग आणि बँक हे सगळे आपापल्या संगणकात पुन्हा पुन्हा भरत असत. एकदा भरलेली माहिती सर्वांना वापरता यावी आणि तिच्यावर सर्वांचा विश्वास बसावा, एवढ्याच गोष्टीसाठी सध्याची धडपड चालली आहे. ‘ब्लॉकचेन’ (मागाहून गुपचूप बदलता न येणारी सामायिक नोंदवही), ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द त्यानंतरचे.

बिल ऑफ लेडिंग अजूनही कागदावर का असते? पीडीएफ पाठवली तर काय बिघडते?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयाची गुरुकिल्लीही त्यातच आहे.

बिल ऑफ लेडिंग एकाच वेळी तीन कामे करते. माल जहाजावर मिळाल्याची ती पावती असते, वाहतुकीच्या कराराचा तो पुरावा असतो आणि मालावरील हक्काचा दस्तही तोच असतो. पहिल्या दोन कामांना पीडीएफ सहज चालते. अडचण तिसऱ्या कामात आहे. ज्याच्या हातात मूळ बिल, तो मालाचा ताबा मागू शकतो. बँक त्याच कागदाच्या भरवशावर पैसे मोकळे करते, आणि माल समुद्रात असतानाच त्या कागदाच्या पाठीवर सही करून तो दुसऱ्याला विकताही येतो. पीडीएफच्या हव्या तितक्या प्रती निघतात आणि त्या सगळ्या सारख्याच दिसतात. मग ‘मूळ’ कोणती आणि ती या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे, हे ठरवायचे कसे?

गंमत म्हणजे कागदी बिलाच्याही साधारणपणे तीन मूळ प्रती काढल्या जातात. शिडाच्या जहाजांच्या काळात एखादे टपाल बुडाले तर दुसरे पोहोचावे म्हणून पडलेली ही रीत आजही टिकून आहे. त्यामुळे कोलंबो किंवा दुबईसारख्या जवळच्या बंदरात माल दोन-चार दिवसांत पोहोचतो, पण त्याचे बिल बँकेच्या टेबलावर सहीची वाट पाहत पडलेले असते. अशा वेळी आयातदार शिपिंग लाइनला हमीपत्र लिहून देतो आणि बिलाशिवाय माल सोडवून घेतो. त्या हमीपत्रासाठी बँकेची हमी लागते, तिचे शुल्क पडते आणि फसवणुकीलाही वाट मिळते. एकदा आमच्याकडे मूळ बिलांचे पाकीट कुरिअरमध्ये गहाळ झाले, तेव्हा नवा संच मिळवण्यासाठी मालाच्या किमतीहून अधिक रकमेची बँक हमी द्यावी लागली आणि माल बंदरात पडून राहिल्याचे भाडे वेगळे भरावे लागले. तो व्यवहार फायद्याचा राहिला नाही, हे सांगायला नकोच.

मग इलेक्ट्रॉनिक बिल ऑफ लेडिंग कायद्याने चालते का?

काही देशांत चालते. ‘अनसिट्रल’ या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २०१७ मध्ये हस्तांतरणीय इलेक्ट्रॉनिक दस्तांसाठी आदर्श कायदा तयार केला. त्यातली मूळ कल्पना अशी की, एखाद्या इलेक्ट्रॉनिक नोंदीवर एका वेळी एकाच व्यक्तीचे अनन्य नियंत्रण आहे हे विश्वासार्ह प्रणालीने दाखवता आले, तर ते नियंत्रण म्हणजेच ‘ताबा’ मानावा. बहारीनने २०१८ मध्ये आणि सिंगापूरने २०२१ मध्ये या धर्तीवर कायदे केले. इंग्लंडचा कायदा २० सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला आणि त्याचे महत्त्व अधिक आहे, कारण जगातील सागरी करारांचा मोठा भाग इंग्लिश कायद्याखाली केला जातो.

कायदा नव्हता तेव्हाही इलेक्ट्रॉनिक बिले होती. ‘बोलेरो’सारख्या प्रणाली १९९९ पासून चालत आल्या आहेत. फक्त त्या प्रणालीचे सभासद होऊन तिची नियमावली मान्य करणाऱ्यांपुरतेच ते बिल खरे ठरे, आणि साखळीतील एक जरी बँक सभासद नसली की पुन्हा छपाई करावी लागे.

भारतात १८५६ चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी बिल्स ऑफ लेडिंग कायदा, २०२५ आला. जुन्या तरतुदी सोप्या भाषेत मांडणे आणि केंद्र सरकारला निर्देश देण्याचा अधिकार देणे हे त्याचे मुख्य स्वरूप आहे. इलेक्ट्रॉनिक बिलाला कागदी बिलाचाच दर्जा देणारे इंग्लंडसारखे स्वतंत्र कलम त्यात नाही. एकशे एकोणसत्तर वर्षांनी कायद्याला हात लागलाच होता, तर ते एक कलम घालून घ्यायला हवे होते, असे मला वाटते.

जगातील नऊ मोठ्या कंटेनर कंपन्यांनी ‘डिजिटल कंटेनर शिपिंग असोसिएशन’च्या माध्यमातून २०३० पर्यंत सर्व बिले इलेक्ट्रॉनिक करण्याचे फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केले आहे. २०२१ मध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होते, हे लक्षात घेतले की पल्ला किती लांब आहे ते कळते.

ब्लॉकचेनवरचे ‘ट्रेडलेन्स’ का बंद पडले?

मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम ही संगणक कंपनी यांनी २०१८ मध्ये मालवाहतुकीच्या माहितीचा हा सामायिक मंच उभा केला. तंत्रज्ञान चालत होते, बंदरे आणि सीमाशुल्क विभागही जोडले जात होते, आणि तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद करत असल्याचे जाहीर झाले. सर्व उद्योगाचे पुरेसे सहकार्य मिळाले नाही, हे कारण कंपन्यांनीच दिले. व्यापारी भाषेत सांगायचे तर, आपल्या ग्राहकांची यादी आणि मालाचा तपशील प्रतिस्पर्ध्याच्या दुकानातल्या वहीत लिहायला कोण तयार होईल? वही कितीही सुरक्षित असली तरी दुकान कोणाचे, हा प्रश्न उरतोच. सामायिक मंच उभारण्याऐवजी सामायिक मानके ठरवण्याकडे पुढे जो कल झुकला, त्याला हा अनुभव बराचसा कारणीभूत आहे.

न्हावा शेव्यात प्रत्यक्ष काय बदलले?

जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि आता ते वर्षाला सत्तर लाखांहून अधिक टीईयू, म्हणजे वीस फुटी पेटीच्या मापात मोजलेले कंटेनर, हाताळते. येथे झालेले बदल मोठ्या घोषणांपेक्षा फाटकावर उभे राहिले की चांगले दिसतात.

निर्यातीचा भरलेला कंटेनर टर्मिनलमध्ये नेण्यासाठी ‘फॉर्म थर्टीन’ लागतो. पूर्वी हा फॉर्म शिपिंग लाइनच्या कार्यालयातून हातोहात आणला जाई, त्याची प्रत घेऊन कोणी तरी मोटारसायकलवरून करळ फाट्याच्या रांगेत उभ्या असलेल्या ट्रेलरपर्यंत जाई, आणि तोपर्यंत चालक केबिनमध्येच स्टोव्ह पेटवून भात शिजवत असे. आता हा फॉर्म ऑनलाइन निघतो आणि त्यातील कंटेनर क्रमांक, सील क्रमांक व वजन टर्मिनलच्या प्रणालीत आधीच पोहोचलेले असते. रांग पुरती संपली, असे मात्र कोणी समजू नये. एखाद्या जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे त्याचे कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ, जवळ आला, की सगळे ट्रेलर एकाच संध्याकाळी येतात आणि फाटक डिजिटल असले तरी रस्ता तेवढाच राहतो.

कंटेनर क्रमांकाची एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी चौकटीत एक अंक, अशी त्याची रचना असते. तो शेवटचा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून गणित करून काढलेला असतो, त्यामुळे टंकताना दोन अंकांची अदलाबदल झाली तर प्रणालीला बहुतेक वेळा ते लगेच कळते. सील क्रमांकाला असे संरक्षण नाही. सीलचा एक अंक चुकल्यामुळे आमचा एक ट्रेलर रात्रभर बाहेर उभा राहिला होता आणि सकाळी दुरुस्ती होईपर्यंत जहाजाचा कट-ऑफ उलटून गेला होता.

आयातीच्या बाजूचा मोठा बदल म्हणजे ‘डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी’. पूर्वी आयात कंटेनर टर्मिनलमधून उरण-पनवेल पट्ट्यातील कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये जाई आणि तपासणी, शुल्क, सुटका हे सोपस्कार तेथे होत. आता विश्वासार्ह आयातदाराचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्काकडे द्यायचे आयातीचे घोषणापत्र, जहाज येण्याआधीच दाखल होते, जोखीम पाहून तपासणी लागेल की नाही हे संगणक ठरवतो, आणि कंटेनर थेट कारखान्याकडे निघतो. कागदपत्रे सीमाशुल्काच्या ‘ई-संचित’ या ऑनलाइन व्यवस्थेवर चढवली जातात. २०२० मध्ये आलेल्या ‘फेसलेस’ पद्धतीमुळे मूल्यांकन करणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. यामुळे साहेबांच्या टेबलापुढे ताटकळणे कमी झाले. पण मालाचा नमुना हातात घेऊन दोन मिनिटांत मिटणारी शंका आता लेखी प्रश्नोत्तरांत दोन दिवस फिरते, हीही तक्रार खरी आहे.

माझा कंटेनर आत्ता कुठे आहे, हे मला कळू शकते का?

जमिनीवर असेल तर बऱ्यापैकी कळते. न्हावा शेव्यात २०१६ मध्ये ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ सुरू झाली. त्यानुसार कंटेनरला आरएफआयडी, म्हणजे रेडिओलहरींनी वाचता येणारा, टॅग लावला जातो आणि टर्मिनलचे फाटक, टोलनाका, फ्रेट स्टेशन अशा ठिकाणी बसवलेली यंत्रे तो वाचतात. दोन वाचनयंत्रांच्या मधल्या अंतरात मात्र तो टॅग मुका असतो. म्हणजे कंटेनर टोलनाक्यावरून गेला एवढे कळते, पुढे चालकाने ढाब्यावर गाडी लावली आहे का, हे कळत नाही.

समुद्रात आपण कंटेनर नव्हे, तर जहाज पाहत असतो. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टन आणि त्यावरील जहाजांना ‘एआयएस’ यंत्र बंधनकारक आहे. ते दर काही सेकंदांनी जहाजाचा ओळख क्रमांक, स्थान, वेग आणि दिशा व्हीएचएफ लहरींवरून सांगत राहते. दोन जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून आलेले हे साधन आज व्यापाऱ्यांची दुर्बीण झाले आहे. आपल्या किनाऱ्यावर याच विचाराचा पुढचा टप्पा मासेमारी नौकांसाठी आला असून, एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर (स्थान कळवणारे यंत्र) बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली.

नाशिकच्या द्राक्षांसारख्या नाशवंत मालाला याचा काही उपयोग आहे का?

येथे उपयोग सर्वांत थेट दिसतो. निफाड-दिंडोरीतील द्राक्षे पॅकहाउसमध्ये पूर्वशीत करून, खोक्यात ग्रेपगार्डचा (बुरशी रोखणारा) कागद घालून रीफर, म्हणजे शीतकरणाची सोय असलेल्या, कंटेनरमध्ये भरली जातात आणि शून्य अंशाच्या आसपास तापमान ठेवून रॉटरडॅमकडे पाठवली जातात. पूर्वी रीफरचे तापमान गोल कागदी तक्त्यावर सुईने रेखले जाई आणि तो तक्ता युरोपात दार उघडल्यावरच पाहायला मिळे. द्राक्षे मऊ पडलेली निघाली, तर दोष पॅकहाउसचा, ट्रेलरचा, टर्मिनलचा की जहाजाचा, यावर महिनोन् महिने पत्रव्यवहार चाले. त्यात बागायतदाराची बाजू नेहमी दुबळी पडे, कारण त्याच्या हातात पुरावाच नसे.

आता अनेक रीफरमध्ये मोडेम असते. आत जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या हवेचे तापमान उपग्रहाद्वारे किंवा मोबाइल जाळ्याद्वारे कळत राहते. बंदरात प्लग काढून ठेवला गेला, तर तसा इशारा येतो आणि कोणी तरी धावपळ करून तो पुन्हा लावू शकतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजे सुएझऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. सुमारे तीन आठवड्यांचा प्रवास त्यामुळे दहा ते चौदा दिवसांनी लांबला. त्या हंगामात ही नोंद असणे आणि नसणे यांतला फरक अनेकांना कळला. यंत्राने द्राक्षे जास्त दिवस टिकत नाहीत, हे मात्र कोणत्याही विक्रेत्याच्या तोंडून ऐकायला मिळणार नाही. तोडणीच्या दिवशी उन्हात राहिलेला माल मोडेममुळे ताजा होत नाही.

सायबर हल्ल्याने बंदर खरोखर बंद पडू शकते का?

पडू शकते आणि पडलेही आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून जगभर पसरला आणि मर्स्क समूहाचे संगणक एकामागोमाग एक काळे पडले. न्हावा शेव्यातील त्यांच्या टर्मिनलचे कामही थांबले. कंपनीला सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले आणि नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. घानामधील कार्यालयात नेमकी त्या वेळी वीज गेलेली असल्याने तेथील एक सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला राहिला, आणि त्यावरील शाबूत प्रतीवरून पुढची उभारणी झाली. खंडित वीजपुरवठ्याचे असे उपकार क्वचितच होत असतील.

जुलै २०२३ मध्ये जपानच्या नागोया बंदराचीही खंडणीखोर सॉफ्टवेअरमुळे अशीच कोंडी झाली. जहाजांच्या सुरक्षा व्यवस्थापनात सायबर जोखमीचा विचार करणे २०२१ पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने आवश्यक केले आहे. टर्मिनल थांबले की क्रेन शाबूत असते, चालक हजर असतो, कंटेनरही समोरच असतो. फक्त हजारो पेट्यांपैकी कोणती कोणाची आणि कोणत्या थरात आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.

जीपीएसची फसवणूक म्हणजे काय?

खोटे किंवा गोंगाटाचे संकेत सोडून जहाजाला स्वतःचे स्थान चुकीचे दाखवले जाते. मे २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ ‘एमएससी अँटोनिया’ हे कंटेनर जहाज उथळ भागात रुतले, तेव्हा अशाच अडथळ्याकडे बोट दाखवले गेले. इलेक्ट्रॉनिक नकाशावर डोळे ठेवून वाढलेल्या पिढीला रडारवरून किनाऱ्याचे अंतर मोजणे आणि ताऱ्यांवरून स्थान काढणे शिकवले जाते, ते यासाठीच.

विनाखलाशी जहाजे आली तर मुलाला मर्चंट नेव्हीत पाठवावे का?

नॉर्वेतील ‘यारा बर्कलंड’ हे बॅटरीवर चालणारे जहाज स्वयंचलनाचे उदाहरण म्हणून नेहमी दाखवले जाते. त्याची क्षमता १२० टीईयू आहे, ते एका खत कारखान्यापासून जवळच्या बंदरापर्यंत ये-जा करते, आणि २०२२ मध्ये नियमित काम सुरू करताना त्यावर माणसे होतीच. आज समुद्रात वीस हजारांहून अधिक टीईयूची जहाजे चालतात. भर समुद्रात इंधनाच्या नळीला गळती लागली, तर ती बांधायला हात लागतो. त्यामुळे आज विशीत असलेल्या मुलाची नोकरी जहाज स्वतः चालू लागल्यामुळे जाईल, असे मला वाटत नाही.

कामाचे स्वरूप मात्र बदलते आहे. इंजिनातील कंपने आणि तापमान किनाऱ्यावरील कार्यालयात दिसते, आणि मुख्य अभियंत्याला आपल्याच इंजिनाबद्दल फोन येतो. कमी उंचीवरील उपग्रहांमुळे जहाजावर चांगले इंटरनेट आले आहे. खलाशांना संपर्काची सोय देण्याविषयीची सागरी कामगार करारातील दुरुस्तीही डिसेंबर २०२४ पासून अमलात आली. गणपतीची आरती व्हिडिओ कॉलवर पाहता येते, हे सुख मोठे आहे. त्याच वेळी जेवणाच्या टेबलाभोवतीच्या गप्पा कमी झाल्या, असे जुने खलाशी सांगतात.

आणि बंदरातील, आसपासच्या गावांतील रोजगाराचे काय?

या प्रश्नाचे उत्तर मला तितके निश्चिंतपणे देता येत नाही. रॉटरडॅममध्ये १९९३ पासून चालकाविना गाड्या कंटेनर ओढत आहेत. केरळमधील विळिंजम बंदरात यार्डातील क्रेन दूरच्या नियंत्रण कक्षातून चालवल्या जातात आणि त्या चालवणाऱ्यांमध्ये स्थानिक मुली आहेत. ही चांगलीच गोष्ट झाली, कारण उंच केबिनमध्ये चढण्याची अट गेल्यावर ते काम अधिक लोकांना खुले झाले.

उरण परिसरात धक्का बसला तो यंत्रमानवामुळे नव्हे. कंटेनर थेट कारखान्याकडे जाऊ लागल्यावर फ्रेट स्टेशनांकडे येणारा माल घटला, आणि तेथील चढ-उतार, सर्वेक्षण, कारकुनी या कामांवर ज्यांची घरे चालत होती त्यांत जमिनी दिलेल्या कुटुंबांतील मुलेही होती. आयातदाराचा वाचलेला खर्च हे त्यांचे गेलेले वेतन आहे, याची नोंद कोणत्याही डॅशबोर्डवर होत नाही. वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांचे बंदर उभे राहते आहे. मच्छीमारांचा त्याला विरोध आहेच. पण ते बंदर पहिल्या दिवसापासून स्वयंचलित असणार हे गृहीत धरले, तर रोजगाराच्या आकड्यांबद्दल आतापासून बारकाईने विचारले पाहिजे.

जहाजे घाईने येतात आणि मग बंदराबाहेर नांगर टाकून उभी का राहतात?

कारण जुन्या करारपद्धतीत आधी पोहोचणाऱ्याचा नंबर आधी लागतो. जहाजाला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग दहा टक्क्यांनी कमी केला, तर दर तासाचे इंधन सुमारे २७ टक्क्यांनी आणि प्रवास लांबल्याचा हिशेब धरून एकूण इंधन सुमारे १९ टक्क्यांनी वाचते. धक्का कधी मोकळा होणार हे बंदराने चार दिवस आधी खात्रीने सांगितले, तर जहाज सावकाश येऊ शकते. युरोपीय संघाने २०२४ पासून जहाजांच्या कार्बन उत्सर्जनावर पैसे आकारायला सुरुवात केल्याने ही माहिती आता थेट रुपया-पैशात मोजली जाते.

लहान निर्यातदाराने सुरुवात कशापासून करावी?

महागडे सॉफ्टवेअर घेण्यापासून नको. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (सीमाशुल्काकडे द्यायचे निर्यातीचे घोषणापत्र) आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा या चारही ठिकाणी मालाचे वर्णन, खोक्यांची संख्या आणि वजन अक्षरशः एकच आहे का, हे एका माणसाने पाहावे. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही, म्हणून वे-ब्रिजची (वाहनाच्या वजनकाट्याची) पावती फोनमध्ये नव्हे, त्या शिपमेंटच्या फोल्डरमध्ये ठेवावी. रीफर भरताना लॉगरचा (आतले तापमान नोंदणाऱ्या छोट्या यंत्राचा) क्रमांक पॅकिंग लिस्टवर लिहावा, कारण दावा करताना तो सर्वांत आधी मागितला जातो. खरेदीदार इलेक्ट्रॉनिक बिलाचा आग्रह धरत असेल, तर होकार देण्याआधी आपल्या बँकेच्या शाखेत जाऊन, ‘या प्रणालीवरचे बिल तुम्ही वटवाल का?’ हे लेखी विचारावे. बँकेने नाही म्हटले, तर आत्ता तरी तीन मूळ प्रतींचा संच मागावा, आणि ते पाकीट साध्या टपालाने पाठवू नये.